देहलीदीप : लेणीद्वाराच्या एका प्रारंभीच्या छायाचित्रातील धर्मप्रतीकांचे वाचन

१

मराठी साहित्याच्या अभ्यासकांपुढे अजिंठ्याचा विषय निघाला की मेजर रॉबर्ट गिल याचे नाव आता अपरिहार्यपणे येते. ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ (१९८४) या दीर्घकाव्याने गिल आणि पारो यांची कथा मराठी काव्यविश्वात कायमची आणून ठेवली. परिणामी आपल्यापुढे उभा राहणारा गिल हा प्रामुख्याने प्रेमिक आणि चित्रकार असतो. छायाचित्रकार गिल मात्र आपल्या अभ्यासात जवळजवळ अनुपस्थित आहे. १८६४ साली लंडनमध्ये जेम्स फर्ग्युसन याच्या विवेचनासह गिलच्या ७४ छायाचित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भारतातील शैलगृहांविषयीच्या अगदी प्रारंभीच्या छायाचित्रग्रंथांपैकी तो एक होय.

गिलने अजिंठ्याची जी छायाचित्रे घेतली त्यांत १९ व्या लेण्याच्या, म्हणजे एका चैत्यगृहाच्या, दर्शनी भागाचे व द्वाराचे चित्र विशेष महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखात त्या द्वारावरील धर्मप्रतीकांचा आणि ती प्रतीके छायाचित्रात येताना त्यांचे काय होते याचा विचार करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ कलेतिहासाचा आहे असे मानण्याचे कारण नाही. प्रतीक कोठे असते, ते शिल्पात असते, पाहणाऱ्याच्या मनात असते की त्याच्या वर्तनात असते, हा प्रश्न साहित्यसमीक्षेचाही आहे. संतसाहित्याचे अध्यापन करणाऱ्या प्रत्येकाला तो आज ना उद्या भेटतोच.

२

या छायाचित्राचा जन्म ज्या वैचारिक चौकटीत झाला ती आधी ध्यानात घेतली पाहिजे. १८४३ साली फर्ग्युसनने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतीय शैलगृहांवर निबंध वाचला. त्यातून कंपनी सरकारचे लक्ष या लेण्यांकडे वळले आणि १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी मद्रास सैन्यातील गिलची नेमणूक झाली. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या रंगीत प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ च्या डिसेंबरात सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. रंग गेले आणि मागे राहिली ती काळी-पांढरी छायाचित्रे. अजिंठ्याच्या आधुनिक आकलनात छायाचित्राला जे स्थान मिळाले त्यामागे हा अपघातही आहे.

फर्ग्युसन हा वास्तूंचे वर्गीकरण करणारा विद्वान. चैत्यगृह म्हणजे बौद्धांचे चर्च आणि विहार म्हणजे मठ, अशी तुलना त्याने केली आणि ती पुढे रूढ झाली. पुण्याच्या वाचकांना जवळचे उदाहरण कार्ल्याचे आहे. सुमारे ३८ मीटर लांबीचे ते चैत्यगृह वर्णन करताना त्याने त्याची रचना व मापे इंग्लंडमधील नॉर्विचच्या कॅथीड्रलमधील वेदीलगतच्या भागाशी ताडून पाहिली आहेत. मधले दालन, दोन्ही बाजूंच्या स्तंभरांगांपलीकडचे पाखे, टोकाची अर्धवर्तुळाकार मांडणी, हे सारे युरोपीय वाचकाला एकदम ओळखीचे वाटावे अशी ही योजना होती. ही तुलना वास्तूच्या आकारापुरती चुकीची नाही. परंतु तुलना करणारा शब्द आपल्याबरोबर आपला अर्थही घेऊन येतो, हे विसरता कामा नये.

‘कॅथीड्रल’ हा शब्द ‘कॅथेड्रा’ म्हणजे आसन यावरून आला. ज्या देवालयात धर्मप्रांताच्या बिशपचे आसन असते ते कॅथीड्रल. म्हणजे तो शब्द अधिकाराचा आणि उपदेशाचा आहे. १९ व्या लेण्याचे स्वतःचे नाव काय असावे? १७ व्या लेण्यात वाकाटक नृपती हरिषेण याच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील शिलालेख आहे. वाकाटकांच्या कोरीव लेखांचे जे संपादन वा. वि. मिराशी यांनी केले त्यातही तो समाविष्ट आहे. त्या लेखात पश्चिमेकडे निर्माण केलेल्या एका भव्य गंधकुटीचा उल्लेख येतो आणि ती गंधकुटी म्हणजे हेच १९ वे लेणे असे सामान्यतः मानले जाते. गंधकुटी हे श्रावस्तीच्या जेतवनातील बुद्धाच्या निवासाचे नाव. पुष्पांनी व धूपाने सुगंधित झालेली ती त्याची खोली. तेव्हा या द्वाराच्या आत कोणाचे आसन नाही, तर कोणाचा तरी वास आहे. ते दार घराचे आहे.

फर्ग्युसनच्या शब्दाने पाहिले तर आपल्यापुढे एका धर्मसभेच्या वास्तूचा दर्शनी भाग येतो. शिलालेखाच्या शब्दाने पाहिले तर एका घराचे दार येते. छायाचित्र एकच, परंतु दोन नावांनी ते दोन वेगळ्या वस्तू दाखविते.

३

आता प्रत्यक्ष द्वाराकडे वळू. दर्शनी भागाच्या मध्यावर स्तंभांनी तोललेली लहानशी प्रवेशमंडपी आहे आणि तिच्या आत चैत्यगृहात नेणारे एकच द्वार आहे. मंडपीच्या वर पिंपळपानाच्या आकाराचे मोठे चैत्यगवाक्ष आहे. त्यातून येणारा प्रकाश आतील स्तूपावर पडावा अशी योजना आहे. गवाक्षाच्या दोन्ही अंगांना धष्टपुष्ट यक्षमूर्ती असून उरलेल्या भिंतीवर उभ्या व बसलेल्या बुद्धमूर्तींची दाटी आहे. पुढील अंगणाच्या बाजूच्या भिंतीवर नागराज व त्याची राणी यांचे प्रसिद्ध शिल्प आहे. नागराजाच्या मस्तकामागे फणांचे छत्र आहे. १६ व्या लेण्याच्या प्रवेशमार्गावरही नागराज आहेच.

या रचनेतील प्रतीकांचा क्रम अर्थपूर्ण आहे. यक्ष आणि नाग ही जल, धन व भूमी यांची जुनी लोकदैवते. त्यांना नाकारून बौद्ध धर्म पुढे गेला नाही. त्यांना त्याने रक्षक म्हणून दाराशी नेमले. आत येणाऱ्या ग्रामस्थाला आपल्या ओळखीचे दैवत आधी भेटते आणि मग बुद्ध भेटतो. ही पायरीपायरीची वाट शिल्पकाराने अंगणातूनच आखून दिली आहे.

परंतु या द्वाराचा गाभा दुसऱ्याच दोन शिल्पांत आहे असे वाटते. दर्शनी भिंतीवर, प्रवेश करणाऱ्याच्या दोन बाजूंना येणाऱ्या शिल्पांत अभ्यासकांनी दोन कथा ओळखल्या आहेत. एक राहुलाची. बुद्ध कपिलवस्तूला परत येतो तेव्हा यशोधरा लहानग्या राहुलाला पित्याकडे वारसा मागण्यासाठी पाठविते. ज्याच्या हाती केवळ भिक्षापात्र उरले आहे असा पिता पुत्राला प्रव्रज्येचा वारसा देतो. १७ व्या लेण्यात हाच विषय गर्भगृहाच्या अंतराळात रंगविलेला आहे, म्हणजे तेथेही तो दाराशीच आहे. दुसरी कथा दीपंकर बुद्धाची. पूर्वजन्मीचा बोधिसत्त्व, सुमेध नावाचा तापस, दीपंकराच्या वाटेवरील चिखलात आपले केस पसरतो व स्वतः आडवा होतो. बुद्धाचे पाय मळू नयेत एवढीच त्याची इच्छा. तेथेच त्याला भावी बुद्धत्वाचे भाकीत मिळते.

या दोन कथा दाराशीच का असाव्यात? एकीत मागणारा हात आहे, दुसरीत पायाखाली पसरलेला देह आहे. दारात उभा राहणारा माणूस नेमका याच दोन अवस्थांत असतो. तो काही मागण्यासाठी आलेला असतो आणि नमण्यासाठी आलेला असतो. शिल्पकाराने त्याच्या डाव्या-उजव्या हाताला त्याचीच दोन रूपे कोरून ठेवली आहेत. म्हणून ही शिल्पे नुसती पाहावयाची नाहीत. त्यांच्या मधून जावयाचे आहे. जो मधून जातो तो त्या दोन कथांचा तिसरा घटक होतो आणि प्रतीक तेव्हा पूर्ण होते.

युरोपातील कॅथीड्रलच्या द्वाराशी तुलना येथे उपयोगी ठरते. १८५१ साली फ्रेंच सरकारी समितीने जुन्या वास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी पाच छायाचित्रकार नेमले. त्यांतील आंरी ल सेक याने १८५२ साली शार्त्र येथील कॅथीड्रलची छायाचित्रे घेतली. त्या कॅथीड्रलच्या पश्चिमेकडील मधल्या द्वारावर, कमानीखालील शिल्पपटात, सिंहासनस्थ ख्रिस्त आणि त्याच्याभोवती मनुष्य, सिंह, बैल व गरुड ही चार शुभवर्तमानकारांची प्रतीके आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात ख्रिस्त स्वतःलाच द्वार म्हणवितो, ही गोष्ट त्या शिल्पामागे उभी आहे. तेथील भाविक न्यायाधीश ख्रिस्ताच्या खालून जातो. अजिंठ्यातील भाविक भिक्षापात्र धरलेल्या बुद्धाच्या शेजारून जातो. धर्म वेगळे, आशय वेगळे, पण दोन्हीकडे प्रतीकाची घडण एकच आहे. ओलांडणाऱ्या माणसाला गृहीत धरून ती केलेली आहे.

४

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात या द्वाराच्या छायाचित्राची मुद्रित प्रत दाखविण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. विद्यार्थ्यांनी बुद्धमूर्ती मोजल्या, यक्ष ओळखले, गवाक्षाच्या आकारावर चर्चा केली. शेवटी मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, यातून आत कुठून जायचं?” वर्गात हशा झाला. परंतु तिचा प्रश्न अगदी योग्य होता. छायाचित्रात दार होते, पण ते दारासारखे दिसत नव्हते. भिंतीवरच्या अनेक आकृतींमध्ये तो एक काळा आयत होता.

याचे कारण काही अंशी तांत्रिक आहे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने प्रसिद्ध केलेल्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर रसायनाचा थर देऊन ती ओली असतानाच प्रकाशित करावी लागे व लगेच धुवावी लागे. उन्हात न्हालेला बाहेरचा दगड आणि आतला अंधार या दोहोंना एकाच काचेवर न्याय देणे दुरापास्त होते. एकाचा तपशील मिळवावयाचा तर दुसऱ्याचा सोडावा लागे. तेव्हा दर्शनी भाग स्पष्ट झाला आणि आतला स्तूप, त्यावरील उभा बुद्ध, वर चढत गेलेली छत्रे, हे सारे काळोखात गेले. अंगणाच्या बाजूच्या भिंतीवरील नागराज समोरून घेतलेल्या चौकटीत नीट येऊ शकत नाही, कारण तो समोर नाहीच. तो वाटेत आहे.

परंतु कारण केवळ तांत्रिक नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स याने चिन्हांचे तीन प्रकार सांगितले. सादृश्याने अर्थ देणारी प्रतिमा, प्रत्यक्ष संबंधाने अर्थ देणारा निर्देशक आणि संकेताने अर्थ देणारे प्रतीक. छायाचित्र हे एकाच वेळी प्रतिमा आणि निर्देशक असते. दगडासारखे ते दिसते आणि त्या दगडावरून परतलेल्या प्रकाशाचीच ती खूण असते. मात्र तिसरी पायरी, संकेताची, काचेवर उमटत नाही. भिक्षापात्र उमटते, मागणे उमटत नाही. पसरलेले केस उमटतात, त्यांच्यावरून जाणारे पाय उमटत नाहीत. छायाचित्र प्रतीकाचा देह विश्वासूपणे जतन करते आणि ते ज्या व्यवहारात जिवंत असते तो व्यवहार बाहेर ठेवते.

संस्कृत परंपरेत ‘देहलीदीपन्याय’ सांगितला आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घरात आणि अंगणात दोन्हीकडे उजेड देतो. वाक्यात मध्ये आलेला एखादा शब्द जेव्हा मागच्या व पुढच्या दोन्ही पदांशी अन्वित होतो तेव्हा हा न्याय लावतात. द्वारावरील प्रतीक हे असे देहलीदीप असते. बाहेरच्याला ते बोलावते आणि आत गेलेल्याला आपण कोठून आलो याचे भान देते. छायाचित्रातील दिव्याचा उजेड मात्र एकाच बाजूला पडतो.

५

मराठी वाचकाला हा विचार परका वाटू नये. आपल्या भक्तिपरंपरेत द्वार हे शोभेचे स्थळ कधीच नव्हते. पंढरपूरच्या महाद्वारातील नामदेवांची पायरी हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. संतांचे व भक्तांचे पाय आपल्यावर पडावेत म्हणून नामदेवांनी महाद्वाराशी समाधी घेतली, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. सुमेधाचे पसरलेले केस आणि नामदेवांची पायरी यांत कोणताही ऐतिहासिक संबंध सुचविण्याचा येथे हेतू नाही. तसा पुरावाही नाही. परंतु प्रतीकाची घडण मात्र आश्चर्य वाटावे इतकी सारखी आहे. दोन्हीकडे भक्त स्वतःच उंबरठा होतो, आणि ज्याला ओलांडले जाते तोच सर्वांत जवळ पोचलेला ठरतो. ही पायरी नुसत्या चित्रात पाहिली तर एक पायरीच दिसेल. तिच्यावर पाय न देता वाकून तिला हात लावणारा वारकरी पाहिला म्हणजे ती काय आहे ते कळते.

त्याच महाद्वारासमोर चोखामेळ्याची समाधी आहे. तिने द्वारप्रतीकाची दुसरी बाजू उघडी केली आहे. दार म्हणजे प्रवेश, तसेच दार म्हणजे अडवणूकही. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तो दारासाठीच. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास उपोषण केले ते विठ्ठलाचे द्वार अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून. या मंदिरांच्या द्वारांची कितीही सुस्पष्ट छायाचित्रे घेतली तरी त्यांत कोणाला आत सोडले आणि कोणाला नाही, हे दिसणार नाही. दगड तोच राहतो. त्याचा अर्थ मात्र दाराशी उभ्या असलेल्या माणसाप्रमाणे पालटतो. धर्मप्रतीकाचे वाचन करताना हा माणूस वगळला तर आपले वाचन शास्त्रशुद्ध दिसेल, पण ते अपुरे राहील. कधी कधी ते अन्यायकारकही होईल.

६

येथे एक आक्षेप संभवतो. छायाचित्रावर त्याच्या मर्यादेबाहेरचे ओझे का लादावे? त्याने दगड जपला, हे काय थोडे झाले? आक्षेप रास्त आहे. गिलच्या रंगीत प्रतिकृती जळाल्या आणि पुढे जॉन ग्रिफिथ्स याच्या देखरेखीखाली झालेल्या प्रतिकृतींपैकीही पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या, हे पाहता त्या काळच्या छायाचित्रांचे मोल कमी लेखता येणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्या दगडाची स्थिती काय होती याचा पुरावा म्हणून त्यांना तोड नाही. दोष छायाचित्राचा नाही. तेच मूळ आहे असे समजून चालणाऱ्या वाचकाचा आहे.

आणि हा दोष आपल्या विषयात आपणही करीत आलो आहोत. गिलचा ग्रंथ १८६४ चा. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८६९ व १८७३ मध्ये, शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली आणि मुंबई सरकारच्या साहाय्याने तुकारामांच्या गाथेची मुद्रित आवृत्ती दोन भागांत निघाली. मराठी साहित्याच्या अभ्यासावर त्या आवृत्तीचे अपार उपकार आहेत. तरी प्रकार तोच आहे. टाळ, वीणा, कीर्तनकाराचा ठेका, ऐकणाऱ्यांचा उच्चार, वाळवंटातील गर्दी, यांतून अभंग उचलला गेला आणि पांढऱ्या कागदावर स्थिर झाला. पाठ मिळाला आणि प्रसंग बाहेर राहिला. पुढे आपण त्या कागदावर प्रतिमा मोजू लागलो, जसे वर्गात विद्यार्थी बुद्धमूर्ती मोजत होते. अभंगातून ‘आत कुठून जायचं’ हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

यावर उपाय म्हणून कोणी छापील गाथा बाजूला ठेवावी असे म्हणणार नाही, जसे कोणी जुनी छायाचित्रे टाकून द्या असे म्हणणार नाही. उपाय वाचनाच्या रीतीत आहे. पदव्युत्तर अभ्यासात धर्मप्रतीकांचा विचार करताना निदान तीन गोष्टी पडताळून पाहाव्यात असे सुचवावेसे वाटते. पहिली, त्या स्थळाला वा रचनेला तिच्या स्वतःच्या परंपरेत काय नाव होते. गंधकुटीला चर्च म्हटले की कोणता अर्थ आत येतो व कोणता बाहेर जातो, हे तपासल्याविना पुढे जाऊ नये. दुसरी, प्रतीक कोणत्या क्रियेसाठी घडविले आहे. ते मान वर करून पाहावयाचे आहे, वाकून स्पर्शावयाचे आहे की ओलांडून जावयाचे आहे? तिसरी, ती क्रिया करण्याचा अधिकार कोणाला होता आणि कोणाला नव्हता. या तीन प्रश्नांची उत्तरे चित्रात नसतात. ती शिलालेखांत, कथांत, यात्रेच्या रिवाजांत आणि लोकांच्या स्मरणात शोधावी लागतात.

रॉबर्ट गिल १८७९ साली निवर्तला. त्याची कबर भुसावळला आहे. महानोरांच्या काव्यामुळे त्याच्या मनाचे दार मराठी वाचकाला उघडले. त्याने टिपलेले दगडाचे दार मात्र अजून वाचकाची वाट पाहत आहे. प्रत्यक्ष अजिंठ्याला गेल्यावर १९ व्या लेण्याच्या अंगणात क्षणभर थांबून, नागराजाला डावलून न जाता, राहुल आणि सुमेध यांच्या मधून आत पाऊल टाकावे. डोळे अंधाराला सरावले की छायाचित्रात काळा आयत होता तेथे स्तूपासमोर उभा असलेला बुद्ध हळूहळू दिसू लागतो. काचेवर जे येऊ शकले नाही ते मुख्यतः हे सरावणे होते.